माध्यम: म्हैस

ह्या गोष्टीवर उचगावात आजवर एकाही माणसानं विश्वास ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही. पैज लावायची असली तर लावा. खरं-खोटं करायला लांब जायचंही कारण नाही, कारण जिची ही गोष्ट आहे ती म्हैस अजून दावणीला उभी आहे. जाऊन विचारा. उत्तर देईल. नाही दिलं तर समजा, तुमचा प्रश्नच चुकला.

म्हशीचं नाव चिमणी. कुणी हसू नये. रेडकू होती तेव्हा खरंच चिमणीएवढी होती, खुंटीवरच्या टोपलीत झोपायची. पुढं वाढली ती अशी वाढली, की तिच्या शिंगांच्या दोन टोकांवर दोन गावचे कावळे बसायचे आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसायची.

पण गोष्ट म्हशीपासून सुरू करून भागणार नाही. ती सुरू करायची निशिगंधेपासून, कारण पाचावर धारण बसली होती ती तिची.

निशिगंधा मुरगूडची. बापाचं तिथं खता-बियाण्यांचं दुकान. बारावी झाल्यावर पोरगी म्हणाली, कोल्हापूरच्या कॉलेजात बी.ए. करते, विषय कम्युनिकेशन. बापाला वाटलं, मोबाइलच्या टॉवरचं काहीतरी असेल, बरं आहे. मग कुणाकडून तरी कळलं, की ह्यात माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते तीन वर्षं शिकवतात.

"बोलायला शिकायला कॉलेज लागतंय व्हय?" बाप म्हणाला. "मग आजवर गावात आमी काय भुंकत हुतो?"

दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी आज्जी मधी पडली. आज्जी म्हणजे आईची आई, धोंडुबाई. पोरगी उचगावला माझ्याजवळ राहील, तिथनं बसनं कॉलेजला जाईल, असं तिनं ठणकावून सांगितलं. बापानं मान डोलावली, पण अट घातली. तिन्ही वर्षं एका दमात पास व्हायचं. एकदा जरी अडकली, तरी कॉलेज बंद, आणि दुकानात येऊन बसायचं. ह्या अटीनं निशिगंधेला दोन वर्षं बरा अभ्यास करायला लावला. तिसऱ्या वर्षी तिनं नखं खायला सुरुवात केली.

तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प होता. आपल्या आजूबाजूचा संवाद बघायचा आणि त्यावर लिहायचं. वर्गातल्या कुणी रिक्षांच्या पाठीवरच्या ओळी घेतल्या, कुणी तालमीच्या फुटबॉल टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप घेतला. निशिगंधेला विषयच सुचेना. एका संध्याकाळी ती सोप्यात डोकं धरून बसली होती, तेव्हा गोठ्यातनं आज्जीचा आवाज आला.

"सांग गं तुझ्या मालकाला, चटणी संपलीया. मिरच्या कुटायला डंकावर न्यायला पायजेत."

आणि अंगणातनं आज्जाचा आवाज आला, "सांग गं मालकिणीला, उद्याच्याला नेतो."

मधे चिमणी रवंथ करत उभी होती. निशिगंधा ताडकन उठली. हे ती लहानपणापासून ऐकत होती आणि तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

झालं होतं असं. निशिगंधेचा आज्जा जोतीराम हा माणूस अगदी सरळ, सोन्यासारखा. तोंडात खडीसाखर. निशिगंधा शाळेत होती तेव्हा जत्रेला धोंडुबाईच्या माहेरची माणसं जेवायला आली होती. पंगतीत कुणीतरी तांबड्या रश्शाचं कौतुक केलं. जोतीरामानं कौतुकात थोडी भर घातली, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. तो म्हणाला, ह्या बाईच्या रश्शाचं काय सांगू, गेल्या साली एका पाहुण्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल संपलं, हिनं टाकीत दोन तांबे रस्सा ओतला, तर ट्रॅक्टर मुरगूडपर्यंत गेला आणि तिथंही थांबेना. पंगत हसून लोळली. पुढं माहेरच्या गावात धोंडुबाईला बघितलं की पोरं ट्रॅक्टरचा आवाज काढायला लागली.

जत्रेच्या त्या रात्रीच ती नवऱ्याला म्हणाली, "ज्या दिशी एक गोष्ट मीठमसाला न लावता सांगशीला, त्या दिशी बोलीन."

तेव्हापासून ती जे काही बोलायची ते म्हशीशी. घरात भांडण नाही, तंटा नाही, भाकरी वेळेवर. फक्त निरोप जायचा तो चिमणीमार्फत.

निशिगंधेनं प्रकल्प झपाट्यानं लिहून काढला. नावं घातली नाहीत. 'एका खेड्यातलं वृद्ध जोडपं' एवढंच लिहिलं. चौकटी आखल्या, बाण काढले. निरोप देणारी: पत्नी. निरोप घेणारा: पती. माध्यम: म्हैस. दीपा मगदूम मॅडम तिच्या मार्गदर्शक होत्या. त्या वाचताना आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. व्हायवाला बाहेरचे परीक्षक येणार होते, उदयसिंह सर. बनावट प्रकल्प वासावरनं ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. मॅडम म्हणाल्या, एखादा व्हिडिओ जोड.

निशिगंधेनं फोन काढून बघितला. पण कॅमेरा दिसला, की आज्जी पदर तोंडावर ओढायची आणि पुतळ्यासारखी उभी राहायची. दोन-तीनदा असं झाल्यावर व्हिडिओत नुसती चिमणी आली, तीही शेपटीकडनं.

व्हायवाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. उदयसिंह सरांनी फाइल उघडली, पानं उलटली आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. म्हैस? सरांनी विचारलं. निशिगंधेनं हो म्हणून मान हलवली. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण तुमचा विषय कल्पनेचा नाही, निरीक्षणाचा आहे. हे कुठल्या गावचं जोडपं? तीन वर्षांत जे जे पाठ केलं होतं त्यातला एक शब्द तिला आठवेना. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "सर, माझ्याच घरचं आहे."

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, मग उद्या सकाळी मी आणि मॅडम येतो. दिसलं तर पास. नाही दिसलं तर बनावट असा शेरा, आणि मग पुढच्या वर्षी बघू.

उचगावच्या बसमध्ये निशिगंधेला बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. आज्जी-आज्जाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या अबोल्याचा नातीनं अभ्यास केला, चौकटी आखल्या, आणि आता तो बघायला परका माणूस दारात येणार, हे त्यांना सांगायचं कसं? आणि समजा सांगितलं, तर त्याहून मोठं भ्या होतं. पाहुण्यांसमोर घरातलं काही दाखवायचं नाही, ही त्या दोघांची रीत. मावशीच्या सासरची माणसं आली होती तेव्हा दोघं शेजारी शेजारी असे बसले होते, की पाहुणे म्हणाले, जोडा असावा तर असा. उद्या सरांसमोर दोघं असेच बसले, तर?

घरी पोचली तर अंगणात आज्जा एक नवं कोरं दावं तपासत बसला होता. निशिगंधेनं विचारलं, हे कशाला? आज्जानं आधी गोठ्याकडं बघितलं, मग हळू आवाजात सांगितलं. चिमणी आटून आता बरेच महिने झाले होते, गाभ धरत नव्हती, दुधाचा थेंब नव्हता. धोंडुबाईचा हेका असा, की दावणीला म्हैस असताना घरात पिशवीचं दूध येणार नाही. त्यामुळं सगळं घर कोऱ्या चहावर होतं. जनावरांचा व्यापारी गणपतराव ह्याच्याशी आज्जानं गुपचूप व्यवहार ठरवला होता. उद्या सकाळी टेंपो येणार होता.

सकाळी सर येणार आणि सकाळीच म्हैस जाणार.

निशिगंधेनं आज्जाचे पाय धरले. दुपारी बोलवा, संध्याकाळी बोलवा, परवा बोलवा, पण सकाळी नको. कारण काय ते सांगेना, नुसती रडायला लागली. आज्जाला पाझर फुटला, त्यानं गणपतरावाला फोन लावला. फोन बंद. परत लावला. बंदच.

मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन आज्जीला सांगितलं, की उद्या कॉलेजचे सर आणि मॅडम घर बघायला येणार आहेत. तुम्ही काही वेगळं करू नका, नेहमीसारखंच वागा.

आज्जीनं भाकरी थापायची थांबवली. "नेहमीसारखं म्हंजे? पावण्यांच्या म्होरं नेहमीसारखं कोण वागतंय?"

निशिगंधेला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी बाहेर येऊन बघते तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, ओट्यावर जाजम. आज्जीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आज्जा फेटा बांधून मिशा चोपून बसवत होता. आणि गोठा रिकामा. पाहुण्यांना शेणाचा वास नको, म्हणून आज्जीनं चिमणीला मागं परड्यात नेऊन बांधलं होतं.

निशिगंधेनं जाऊन म्हैस पुढं आणली. आज्जीनं ती परत मागं नेली. निशिगंधेनं पुन्हा आणली. आज्जी म्हणाली, "काय खूळ लागलंय का काय तुला?" आणि चिमणीला स्वतः ओढत घेऊन गेली. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

सर जाजमावर बसले. मॅडमनी निशिगंधेकडं बघितलं, निशिगंधेनं जमिनीकडं. पोहे आले, त्यावर खोबरं, कोथिंबीर. आज्जी येऊन आज्जाच्या शेजारी, बेताचं अंतर ठेवून बसली. दोघं असे दिसत होते, की आता कुणीतरी फोटो काढावा आणि फ्रेम करून भिंतीवर लावावा.

सरांनी आडवळण घेतलं नाही. त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, असं ऐकलं.

आज्जीनं पदर सावरला. "कोण म्हणतंय असं? न बोलाय काय झालंय आमास्नी?"

आज्जा म्हणाला, "सायेब, आमच्यात तर दिवसभर बोलणंच चालू असतंय."

सर म्हणाले, मग आत्ता काहीतरी बोला बघू. आज्जी पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली. आज्जानं मिशीला पीळ भरला आणि सांगितलं, की नवरा-बायकोचं बोलणं काय पावण्यांम्होरं करायचं असतंय? सरांनाही ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी खिशातनं पेन काढलं.

निशिगंधा त्या पेनाच्या टोपणाकडं बघत होती. टोपण निघालं, मागं लागलं. एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. आज्जी खोटं बोलतीया, एवढंच. तिनं आज्जीकडं बघितलं. आज्जीचा चेहरा ताठ होता, पण लुगड्याचा काठ तिनं मुठीत गच्च धरला होता. पाहुण्यांसमोर ह्या बाईला खोटं पाडायचं आणि आपण पास व्हायचं. निशिगंधेच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथंच थांबलं. तीन वर्षं बोलण्याचा अभ्यास केलेली पोरगी गप्प बसली. तिच्या डोळ्यांपुढं मुरगूडचं दुकान आलं, त्यातला खताचा वास आला, आणि टेबलापलीकडं बसलेला बाप.

सरांनी लिहायला सुरुवात केली तोच रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला.

गणपतराव म्हणजे आवाजाचा गडी. दारातनंच म्हणाला, "जोतीबा, सोडा म्हस. दुसरीकडं जायाचं हाय." आणि कुणाची वाट न बघता परड्यात शिरून दावं सोडायला लागला.

धोंडुबाईच्या तोंडाचा रंग उतरला. ती उठली. पाहुणे बसलेत हे ती विसरली, पदर खांद्यावर आला ते विसरली, सरळ परड्यात गेली आणि चिमणीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. तिथनं तिचा आवाज आला, तो थेट रस्त्यापर्यंत गेला.

"चिमणे, इचार तुझ्या मालकाला, कुणाला इचारून इकली तुला?"

जोतीरामालाही पाहुण्यांचा विसर पडला. ओट्यावरनंच तो म्हणाला, "सांग गं मालकिणीला, भाकड जनावर किती दिस पोसायचं?"

"सांग मालकाला, आटली म्हणून म्हस टेंपोत घालायची, तर म्हातारी झाली म्हणून उद्या मला बी घाला."

"सांग मालकिणीला, तुला गणपतराव नेणार न्हाय."

"न्हाय बा," गणपतराव हात जोडून म्हणाला.

सरांचं पेन थांबलं होतं. ते उठून परड्याच्या तोंडाशी गेले, मागनं मॅडम, आणि सगळ्यांच्या मागं निशिगंधा.

आता इथून पुढं नीट ऐका, कारण विश्वास तुटतो तो इथंच.

चिमणीनं मान वर केली. धोंडुबाईचं म्हणणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. दाव्याला एक हिसका दिला आणि निघाली. दाव्याचं दुसरं टोक गणपतरावाच्या हातात, त्यामुळं तोही निघाला, उसाच्या ट्रॅक्टरमागं सुटी मोळी फरफटत जावी तसा. परड्यातनं अंगण, अंगणातनं जाजम. पोह्याच्या एकाही बशीला धक्का न लावता चिमणी जोतीरामासमोर उभी राहिली आणि हंबरली. साधं हंबरणं नव्हे. धोंडुबाई जिथं थांबली होती तिथं थांबत, जिथं आवाज चढवला होता तिथं चढवत, अख्खा निरोप पोचता केला. मग जोतीरामाचं उत्तर घेऊन तशीच परत परड्यात गेली.

सर म्हणाले, प्रतिसाद. मॅडम म्हणाल्या, त्याच माध्यमातून. निशिगंधेला वाटलं, आपल्याला ताप आला असावा.

पण सर काही कच्चे नव्हते. त्यांना म्हशीचीच व्हायवा घ्यायची इच्छा झाली. त्यांनी चिमणीला विचारलं, संवादातला अडथळा म्हणजे काय? चिमणीनं मान वळवली आणि गणपतरावाकडं टक लावून बघत राहिली. सरांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. फाइलवर पैकीच्या पैकी गुण लिहिले, खाली सही ठोकली. पोरगी पहिल्या वर्गात पास. गणपतराव रिकामा टेंपो घेऊन गेला, आणि जाताना म्हशीला नमस्कार करून गेला.

आणि मग चिमणीनं शेवटचं काम केलं. जोतीरामाच्या पाठीला कपाळ लावलं आणि त्याला हळूहळू ढकलत नेऊन धोंडुबाईसमोर उभा केला. धोंडुबाईनं वर बघितलं. इतक्या वर्षांनी, म्हशीकडं नव्हे, सरळ त्याच्या डोळ्यांत. आणि म्हणाली, अवो, चहा घ्या. मग ज्या म्हशीनं हे जुळवलं तिच्याच दुधाचा चहा झाला, घट्ट, वर बोटभर साय. उदयसिंह सरांनी दोन कप घेतले आणि तिसऱ्यासाठी कप पुढं केला.

एवढं सांगून जोतीरामानं ओट्यावर मांडी बदलली, मिशीवरनं हात फिरवला आणि समोर बसलेल्या माणसांच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं. कुणी काही बोलायच्या आत गोठ्यातनं बादली आपटल्याचा आवाज आला. धोंडुबाई चिमणीला वैरण टाकत होती. तिची पाठ ओट्याकडं होती.

"सांग गं चिमणे तुझ्या मालकाला," ती म्हणाली, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी. "पोरगी पास झाली, तेवढं खरं. बाकी मी त्या दिशी बोलले न्हाय आन् आजबी बोलत न्हाय. आन् आटलेल्या म्हशीला दूध कुठनं आलं म्हणावं? कोरा चहा पाजलाता."